ओल्या खडूची रेघ

गोदामाच्या नव्या फरशीवर मे महिन्याचे ऊन आडवे पडले होते, आणि अंजना त्या फरशीकडे अशी पाहत होती, जणू खालून कुणी हाक देईल. चार हातांवर तेजराम उभा होता, हातातल्या हेल्मेटचा पट्टा उगाच ओढत, सोडत.

"इथंच होती," तो शेवटी म्हणाला. "तुह्या पायाखाली."

अंजनाने पाय मागे घेतला.

तिथे निरीक्षण विहीर होती. विहीर म्हणायची एवढेच. हट्टा गावाच्या रस्त्यालगतच्या पडीक जागेत, लोखंडी टोपणाखाली, जमिनीत खोल उतरलेली एक अरुंद नळी. तिचे पाणी कुणी पीत नसे. ते फक्त मोजायचे. दर महिनाअखेरीला अंजना भूजल खात्याच्या कामावर बालाघाटहून बसने यायची, पोलादी फितीच्या टोकाला खडू घासायची आणि फीत अंधारात सोडायची. वर आलेल्या खडूवर ओली रेघ असे. भुईच्या पोटात पाणी कुठवर आहे, ते ती रेघ सांगे.

ऑक्टोबरात तिथे धानाच्या गोदामाचे काम सुरू झाले. त्या महिन्यात ती आली, तेव्हा टोपणावर सिमेंटच्या पोत्यांची थप्पी होती. साइटचा सुपरवायझर तेजराम जवळ आला आणि मॅडमचे काही हरवले आहे का, असे त्याने विचारले. विहीर, ती म्हणाली. तो हसला, मग ती हसत नाही असे पाहून त्याने स्वतः, एकट्याने, ती सगळी पोती हलवली. मोजणी झाल्यावर त्याने स्वतःच्या कपाळाकडे बोट नेले — "मॅडम, खडू... नाही, डावीकडं." तिने उजवीकडे पुसले. दोघेही थोडे लाजले.

पुढे चर खणले गेले, पत्र्याचे कुंपण आले. बाहेरच्यांना आत मनाई झाली. डिसेंबरात तो म्हणाला, फीत माझ्याकडे द्या. जो हात मोजतो त्यानेच लिहायचे, असा नियम होता. तिने फीत दिली.

मग दर महिन्याला तो निजलेले लेकरू आणावे तशी ती फीत दोन्ही हातांवर तोलून बाहेर आणायचा. किती मीटर सोडली ते सांगायचा. ओली रेघ ती वाचायची, वजाबाकी करायची. त्यानंतर वाळूच्या ढिगाशेजारी आल्याचा चहा. 'मॅडम'ची अंजना केव्हा झाली, ते तिलाही आठवत नव्हते.

"तुहं पाणी वीतभर खाली गेलं," तो एकदा म्हणाला होता.

"माहं नाही, गावाचं. अन् तुमी काय मोजता हो दिवसभर?"

"तारखा," तो कपाकडे बघत म्हणाला. "तीस दिवस लय लंबे असतात."

एप्रिलमध्ये त्याने विचारले होते, वारासिवनीहून आईला तिच्या घरी घेऊन येऊ का. पुढच्या मोजणीला सांगते, असे ती म्हणाली होती. आज सकाळपासून तिच्या जिभेवर होकाराचा एक 'हौ' तयार होता. पण साइटच्या वाटेवरच गावातल्या शेवंताबाई भेटल्या. त्यांच्या मोहल्ल्याचा हातपंप तीन आठवड्यांपासून नुसती हवा ओकत होता, आणि खोल बोअरची मागणी नामंजूर होऊन परत आली होती. जवळच्या निरीक्षण विहिरीत पाणी पुरेसे असल्याची नोंद होती म्हणून. शेवंताबाईंच्या आवाजात राग नव्हता. "बाई, तुह्या नळीत पाणी हाय, तं आमच्या पंपात काहून नाही?"

तेव्हा अंजनाने ठरवले, आज आपणच मोजायचे. तेजराम नको नको म्हणत असताना ती चरावरची फळी ओलांडून आत आली. आणि आत ही फरशी होती.

"कवापासून?" तिने विचारले.

"डिसेंबर. दोन दिवस घरी गेलतो. आलो तं काँक्रीट टाकून झालतं."

"खडू ओला असायचा. मी माह्या डोळ्यांनं वाचला."

तो कोपऱ्यातल्या टाकीकडे पाहू लागला. फरशीवर शिंपडायचे पाणी तिच्यात साठवले होते.

"त्या टाकीत बुडवत होतो," तो म्हणाला. "सांगतलं असतं तं तू आली नसती. नळीच नाही, तं कोन येते?"

त्याच्या बोलण्यात डाव नव्हता. हेच तिला सोसवेना. त्या टाकीचे पाणी तिने दशांशापर्यंत वाचले होते, आपल्या सहीने वर पाठवले होते. आणि तितक्याच निष्ठेने त्या दिवसांची वाट पाहिली होती.

डिसेंबरपासूनच्या पाचही नोंदी खोट्या आहेत, असे आज लेखी देणार, ती म्हणाली; फीत आपणच दिली, हेही. तिचे काम जाईल. कदाचित त्याचेही जाईल. माझे नाव आधी लिही, तो म्हणाला. तिने नकाराची मान हलवली आणि त्याच्यापुढे हात पसरला. त्याने फीत तिच्या हातात ठेवली... बोटे क्षणभर तिथेच राहिली, मग निघाली.

ती फळीपर्यंत पोचली, तेव्हा तो मागून बोलला. आवाज मोठा नव्हता.

"अंजना, पाणी खोटं होतं. पण तू हासत होती — ते तं खरं होतं ना?"

तिने ऐकले. क्षणभर तिचा पाय फळीच्या कडेवर थबकला. मग ती पलीकडे उतरली, आणि बसथांब्याकडे न वळता, रिकाम्या घागरींची रांग लागली होती त्या शेवंताबाईंच्या हातपंपाच्या वाटेने चालू लागली.