मोटार चालू कुणी केली?

टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करत खाली खाली यायचं. रिकामा पत्रा ठणठणतो, आणि जिथे आवाज ठप्प होतो तिथपर्यंत पाणी. लीअ‍ॅनने तेवीस डिसेंबरच्या सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी हेच केलं. तिच्या आईने तिला पोहण्याच्याही आधी शिकवलेली ही गोष्ट. उत्तरेच्या या किनाऱ्यावर नळाला सरकारचं पाणी नाही. छपरावर पडेल ते पाऊसपाणी टाकीत. नाताळ इथे ऐन उन्हाळ्यात येतो, आणि यंदा त्या उन्हाळ्याने थेंब पडू दिला नव्हता. पत्र्याच्या अकरा वळ्यांपैकी सात भरलेल्या होत्या. दोन माणसांना आठ दिवस रग्गड.

दोनच माणसं. मुलं यंदा आपापल्या सासरी, त्यामुळे लग्नाला तीस वर्षं झाल्यावर हा फक्त दोघांचा पहिला नाताळ. "आराम करू गं," डेरिल म्हणाला होता, "मासे, थंडगार बिअर आणि झोप." त्याचा आराम म्हणजे खुर्चीत पसरून बायकोला हाका मारणं, हे लीअ‍ॅनला पाठ होतं. तरी ती आली, कारण ही समुद्राकाठची बंगली तिच्या आईची होती, आणि अंगणातल्या पोहुतुकावाच्या झाडाच्या बुंध्याशी तिने स्वतःच्या हातांनी आईची रक्षा पुरली होती. डेरिलला बंगली विकायची होती. लीअ‍ॅनने एकदा नाही म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं, आणि तिसऱ्यांदा ताट आपटून म्हटलं होतं.

नाताळात पोहुतुकावा लालभडक होतो. सगळा किनारा लाल झाला होता. आईचं झाड मात्र तपकिरी होतं, आणि पानं हातात घेतली की चुरा होत होता.

"उन्हाने," डेरिल म्हणाला.

"शेजारच्यांना काय वेगळं ऊन आहे?"

"तू सुट्टीवर आलीस की भांडायला?"

दुपारी चारला दोघं व्हरांड्यात बसली होती. हवा हलत नव्हती. मागच्या भिंतीशी पाण्याची मोटार घुं... करून सुरू झाली. घरातला नळ उघडला तरच ती सुरू होते. चांगली तीन मिनिटं चालली आणि थांबली.

"नळ नीट बंद करायला काय होतं तुला?" डेरिल म्हणाला.

"मी तासभर तुझ्यासमोर बसलेय. डोळे फुटले का तुझे?"

आत सगळे नळ घट्ट बंद होते. मोरीतली पत्र्याची बादली तेवढी ओली होती, आणि घरात कुजलेल्या पानांचा आणि भिजल्या मातीचा वास भरून राहिला होता.

चोवीसला पुन्हा चार वाजता तेच. या वेळी लीअ‍ॅन धावतच आत गेली. मोरीत कुणी नव्हतं. बादलीही नव्हती. ती बादली झाडाखाली आडवी पडलेली सापडली. बुंध्याभोवती माती काळी, गच्च भिजलेली. उन्हाळ्यात आई रोज चार वाजता आंघोळीचं पाणी बादलीने या झाडाला घालायची... लीअ‍ॅनच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला बरं वाटलं. निदान कुणाला तरी या झाडाची काळजी होती.

तिने टाकी ठोकली. चारच वळ्या उरल्या होत्या.

डेरिलला त्या संध्याकाळपासून तहान लागली. तांब्याभर पाणी प्यायचा, ओठ पुसायचा, पुन्हा उठायचा. "हॅम खारट होतं," असं त्याचं म्हणणं. ओठांच्या कडा तपकिरी पडून त्यांना भेगा गेल्या होत्या.

नाताळच्या सकाळी शेजारची नायरी मावशी उकडलेल्या शिंपल्यांचं ताट घेऊन आली. सत्तरी उलटलेली माओरी बाई, तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या याच खाडीवर गेल्या. फाटकातून आत येताच ती थबकली. तिने ताट कठड्यावर ठेवलं, झाडापाशी गेली आणि बुंध्यावरून हात फिरवत फिरवत खाली वाकली. जमिनीलगत सालीवर चिखल थापला होता. तिने नखाने तो खरवडला. आत बोट जाईल असं गोल भोक निघालं. त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. नाकाला झोंबणारा औषधी वास आला.

"गिरमिटाने पाडलीत," मावशी हळूच म्हणाली. "आणि आत तणनाशक ओतलंय. समुद्र दिसावा म्हणून माणसं करतात हे... पण इथे? पोरी, हे कुणी केलं?"

लीअ‍ॅनने व्हरांड्याकडे पाहिलं. डेरिल खाली मान घालून पाणी पीत होता. नोव्हेंबरात तो एकटाच चार दिवस छप्पर रंगवायला आला होता.

"आई आहे माझी तिथे," लीअ‍ॅन म्हणाली.

"तुझी आई कालची," मावशी म्हणाली. "तुझी आई इथे यायची ती आम्हाला विचारून. या झाडाखाली आमची माणसं आहेत, तिच्या कितीतरी आधीची." मग ताट तिथेच सोडून ती निघून गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

मग जे भांडण झालं ते तीस वर्षांचं होतं.

"झाडच आहे ते!" डेरिल ओरडला. "समुद्र दिसला असता, गिऱ्हाईक आलं असतं. तू तर ऐकतच नाहीस."

"म्हणून माझ्या आईवर विष ओतलंस? आणि वर मला आराम करायला आणलंस? ते मरताना बघत मी इथे शिंपले खायचे?"

"रक्षा होती ती, लीअ‍ॅन. रक्षेला काय कळतं?"

त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. ती आत गेली आणि दार लावून पालथी पडून राहिली. रागाने तिचे कान तापले होते. या माणसाला आपण तीस वर्षं जेवायला वाढलं, हाच विचार पुन्हा पुन्हा येत होता.

चार वाजता मोटार सुरू झाली. या वेळी ती घुमत राहिली, मग खरखरली, आणि कोरडी पडून बंद झाली. लीअ‍ॅन उठली. टाकी वरपासून खालपर्यंत ठणठणत होती. मोरीत काठोकाठ भरलेली एक बादली होती. घरातलं शेवटचं पाणी.

ती बादली घेऊन ती व्हरांड्यात आली. डेरिल खुर्चीत होता. त्याच्या हातांची कातडी वाळून सालीसारखी सुटत होती. त्याला उठता येत नव्हतं.

"लीअ‍ॅन... पाणी..." त्याचा आवाज घशातच चुरत होता. "डॉक्टरकडे ने मला... आधी घोटभर दे..."

समोर झाडाच्या एका वाळल्या फांदीवर लाल फुलांचा एक झुबका उमलला होता. सकाळी तो नव्हता.

लीअ‍ॅन क्षणभर थांबली. गाडीची किल्ली खिशात होती, शहर तासाभरावर होतं. तो मरेल, हे तिला कळत होतं. झाडही मरेल, हेही कळत होतं. आणि विष ओतताना याला एकदाही थांबावंसं वाटलं नव्हतं. ती त्याला ओलांडून पायऱ्या उतरली.

"लीअ‍ॅन!"

अर्ध्या अंगणात बादली अचानक हलकी झाली. कडीची दुसरी बाजू कुणीतरी उचलून धरली होती. बाजूने भिजल्या मातीचा गार वास आला. तिने मान वळवली नाही. लहानपणी ती आणि आई अशीच बादली न्यायच्या, एक बाजू तिची, एक आईची. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा राग निवला.

"आलीस ना, आई," ती हळूच म्हणाली. "तुझंच होतं हे. मी नाही त्याला दिलं."

बादलीपलीकडची चाल वाढली.

मागून डेरिलची खुर्ची करकरली. आता तो पाणी मागत नव्हता.

"लीअ‍ॅन..." तो म्हणाला. "तुझ्याबरोबर ही बाई कोण आहे?"

डेरिलने तिच्या आईला अठ्ठावीस वर्षं पाहिलं होतं.