यशराजचा खाडा

दादाची ट्रंक आणायला मी कोल्हापूरला पोचलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन होतं. हे आधीच सांगतो, कारण लोक म्हणतात, अंधारात माणसाला भास होतात.

त्याच्या खोलीचा जिना जूनमध्ये आम्ही दोघं मिळून चढलो होतो. दादाला, म्हणजे यशराजला, कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी आठवीतच शाळा सोडून आजऱ्यात काजू फोडायला लागलेलो, पण खोली बघायला हट्टानं सोबत आलो. कॉलेजच्या हॉस्टेलवर जागा मिळत होती. तिथली आमटी पाण्यासारखी लागली म्हणून मीच त्याला शिवाजी पेठेत ओढून नेलं. खाली शालूबाईंची मेस, वर पोरांच्या चार खोल्या. बुधवारी, रविवारी तांबडा-पांढरा. मी वाटीभर रस्सा पिऊन बघितला आणि दादाला न विचारताच मेसच्या पाटीवर त्याचं नाव घालायला लावलं.

"नाव घातलं की डबा सुरू," शालूबाई म्हणाल्या. "दाराच्या खिळ्याला अडकवते. गावाला जाणार असला तर आदल्या दिशी खाडा सांगायचा. आणि ज्यानं नाव घातलंय त्यानंच सांगायचा. हितली पोरं लई गुणाची हायती, एकमेकाचा खाडा सांगून उपाशी मारत्यात."

आम्ही हसलो.

खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर सयाजी नावाच्या थोराड पोराची गादी होती. दादा म्हणाला, "राहू दे रे, मी दाराजवळ झोपतो." मी कशाला ऐकतोय? गादी उचलून जिन्यात फेकली. सयाजी अंगावर आला तशी कानाखाली वाजवली. मग पाचच्या एसटीनं मी गावाकडे निघालो आणि भांडण दादाजवळ ठेवून आलो.

सयाजीनं दोन महिने दम धरला. एका दुपारी दादा त्याच कॉटवर झोपला होता. सयाजीनं दाराला आतून कडी घातली आणि हॉकी स्टिक घेतली.

सरकारी दवाखान्यात मी चादर बाजूला केली. एक डोळा जागेवर नव्हता. जबडा निखळून गळ्याशी आलेला. दात चादरीच्या घडीत पडले होते, ते मी गोळा केले. बारा घाव आहेत, डॉक्टर म्हणाले. सयाजी पळाला होता.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. चुलत्यांनी हात जोडून वचनं दिली. आईला सांभाळू, घर पडू देणार नाही. मी ओरडून म्हणालो, सयाजीला जिता सोडत नाही. कावळे आंब्यावर गप्प बसून राहिले, पोट भरल्यासारखे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्यानंतर तीन दिवसांनी मी ट्रंक आणायला गेलो.

शालूबाई चुलीजवळ बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तवा उतरवला.

"आलास व्हय. बरं झालं. खाडा सांगून जा."

"कसला खाडा, मावशी?"

"तुझ्या दादाचा. पाटीवर नाव हाय तोवर डबा करावा लागतो. त्यो गेल्यावर पहिल्या दिशी चुकून अडकवला. सांजच्याला रिकामा आला."

"कुणीतरी पोरानं खाल्लं असेल."

"खोली बंद हाय रं. पोरं तर मजलाच सोडून गेली." त्या हळू बोलायला लागल्या. "रस्सा संपतो. भात संपतो. भाकरी तेवढी तशीच येती... कडेला चघळलेली. परवापास्नं दुधात कुस्करून देते. ती संपती बघ."

जबड्याचं मी गावातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

किल्ली घेऊन वर गेलो. मजल्यावर फिनेलचा वास होता आणि त्याखाली दुसरा, खाटकाच्या दुकानात पाणी मारल्यावर येतो तसा. दाराच्या खिळ्याला डबा होता. कुलूप काढलं. खिडकीतून ऊन कॉटवर पडलं होतं. उघडी लोखंडी कॉट, गादी पोलिसांनी नेलेली.

"दादा..."

धप्प.

कॉट हलली. वर कुणी नव्हतं.

धप्प. धप्प. ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा आवाज. भिंतीवरचा चुना झडला. माझ्या गालावर काहीतरी गरम उडालं. मी पुसलं तर बोटं कोरडी. मी मोजत होतो. बारा झाले. मग थोडी शांतता, आणि तोंडात पाणी भरलेल्या माणसाचा श्वास. मग पुन्हा पहिल्यापासून.

तो रोज मरत होता. रोज जेवत होता आणि रोज मरत होता.

मी जिना उतरलो की पडलो, आठवत नाही. शालूबाईंनी पाणी दिलं.

"सांग पोरा. एवढं म्हण, यशराजचा खाडा. तुझ्या तोंडानं घातलेलं नाव, तुझ्या तोंडानंच सुटंल."

तोंडावर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण डोळ्यांसमोर चादरीतले दात आले आणि डोकं फिरलं.

"खाडा नाही," मी म्हणालो. "अजून एक नाव घाला. सयाजी. डबा त्याच दाराला अडकवायचा."

"आरं, त्यो जिता हाय..."

"म्हणूनच."

त्या नको नको म्हणत राहिल्या. मी पाटी काढली आणि माझ्या वाकड्या अक्षरात स्वतः नाव घातलं. ट्रंक तिथंच राहिली.

चौथ्या दिवशी पोलिसांचा फोन आला. निपाणीकडच्या एका लॉजवर सयाजी सापडला होता. दाराला आतून कडी. जबडा तुटून गळ्याशी आलेला. खोलीत दांडकं नाही, काठी नाही. बारा घाव.

मी हसलो. आईनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्या दिवशी पोटभर जेवलो.

पण दादा? तो काही सुटला नव्हता. पाटीवर नाव होतंच, म्हणजे रोज दुपारी ते सगळं चालूच असणार. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. शालूबाईंना फोन लावला.

"मावशी, खाडा. दोघांचाही. यशराजचा खाडा, सयाजीचा खाडा. मी सांगतोय, कृष्णात."

पलीकडे तवा उतरवल्याचा आवाज आला.

"कोण कृष्णात?"

"यशराजचा भाऊ. आजऱ्यातनं बोलतोय."

"आजऱ्यातनं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "दुसरं नाव घालून गेलास तवापास्नं, आठ दिस झालं, दुपारचा येऊन जिन्यात बसतोयस की. तोंडाला रुमाल बांधून. वर जाऊ नको म्हणून मीच पुढ्यात वाढते..."

"मी गावातून हललेलो नाही, मावशी."

"मग ह्यो कोण?"

"मावशी, जाऊ नका तिकडं."

त्यांनी ऐकलं नाही. फोन हातातच असावा. चपला वाजल्या. जिन्याची फळी करकरली. फोनमधून त्यांचा लांबून आवाज आला, "ए बाळा... रुमाल काढ बघू जरा."

भांडं पडलं. फोन पडला. मग तो कुणीतरी उचलला.

"वाढा, मावशी," कुणीतरी म्हणालं.

आवाज माझा होता.