ठिपक्यापर्यंत न पोचणारा काटा

मालकाचा फोन आला तेव्हा शून्यमास्तरांची अर्धी दाढी व्हायची होती.

"तुमच्या मिस्त्रींनी दुसरी टर्बो वाया घालवली," मालक म्हणाला. "शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस. त्याआधी तुम्ही एकदा गाडी बघून तसं लिहून द्या. नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्या माणसावर अन्याय झाला."

अन्याय करण्याआधी रीतसर पाहणी करून घेणारे मालक हल्ली दुर्मिळ झाले आहेत. मास्तरांनी उरलेली दाढी उरकली आणि निघाले.

गाड्यांचे मीटर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कुठलाही मीटर समोर आला की ते आधी एवढंच बघत, गाडी बंद असताना काटा शून्यावर आहे का. म्हणून गॅरेजवाल्यांनी त्यांचं नाव शून्यमास्तर ठेवलं होतं. मिस्त्री आणि ते तरुणपणी एकाच बाकावर काम शिकले. मिस्त्री पुढे इंजिनात शिरले, मास्तर डॅशबोर्डमागे अडकले.

गॅरेजात मिस्त्री एका निळ्या गाडीशेजारी स्टुलावर बसले होते. दोन्ही तळवे समोर धरून बघत होते.

"काय बघतोस?"

"हात. थरथरतात का ते. तुला काही दिसतंय?"

"नाही."

"मलापण नाही. म्हणजे डोळेही गेले."

"पहिल्यापासून सांग," मास्तर म्हणाले.

"दोन महिन्यांपूर्वी कॉलेजातले ते सर ही गाडी घेऊन आले. बूस्ट गेजचा काटा वर जात नाही म्हणाले."

टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, आणि बूस्ट गेज म्हणजे ती किती कोंबली गेली ते सांगणारा मीटर. काटा वर जात नाही म्हटल्यावर संशय पंख्यावर जाणार, हे ओघानंच आलं.

"मग?"

"पाईप बदलले. क्लिपा बदलल्या. काटा तिथंच. टर्बो बदलली. तिथंच. म्हटलं, बसवण्यात आपलंच काहीतरी चुकलं. दुसरी बसवली."

"आणि गेज?"

मिस्त्री पहिल्यांदाच चिडले. "गेजला हात लावायचा नाही."

"कोणी सांगितलं?"

"सरांनी. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी लावला नसता. ते पोराने बसवलंय."

पोरगा म्हणजे सरांचा मुलगा. सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींकडे येऊन काम शिकायचा. या गाडीचं गेज, त्याची रबरी नळी, सगळं त्याने स्वतः बसवलेलं. वर्षापूर्वी डोंगरावरच्या रस्त्यावर अपघातात गेला. या गाडीत नाही. मित्राच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून बसलेला असताना.

मास्तर गाडीत बसले. गेजच्या काचेवर पांढऱ्या रंगाचे दोन बारीक ठिपके होते. पोराने काढलेले. गाडी नुसती चालू ठेवली की काटा डावीकडच्या ठिपक्यावर यायचा. पॅडल पूर्ण दाबलं की उजवीकडच्या.

गाडी बंद होती. काटा बरोबर शून्यावर. म्हणजे गेज सरकलेलं नव्हतं.

त्यांनी किल्ली फिरवली. काटा डावीकडे गेला आणि ठिपक्याच्या बराच अलीकडे थांबला.

"मिस्त्री, गाडी नुसती घुरघुरत असताना टर्बो काही काम करते का?"

"नाही. तेव्हा इंजिन स्वतःच हवा ओढतं."

"मग डावीकडे काटा कमी का पडतो?"

मिस्त्री स्टुलावरून उठले. तेही गाडीत डोकावले. चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाने त्या काचेकडे इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं. कोणाच्या फोटोकडे बघावं तसं बघून नजर काढून घेतली होती.

काचेच्या केबिनमधून मालकाचा भाचा हे पाहत होता. पदवी घेऊन नुकताच आलेला, आणि मिस्त्रींची जागा रिकामी होण्याची शांतपणे वाट बघणारा. मास्तरांनी त्याला मनात एका बाजूला उभा करून ठेवला.

मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं गेज काढलं आणि पोराच्या नळीला न जोडता वेगळ्या नळीने थेट इंजिनाला लावलं. दोघे गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले. मिस्त्रींनी पॅडल पूर्ण दाबलं. मास्तरांच्या गेजने भरपूर दाब दाखवला. पोराच्या गेजचा काटा अर्ध्यावर रेंगाळला.

"टर्बो ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "जुनीही असणार."

मिस्त्री रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

गॅरेजात परतल्यावर मास्तरांनी इंजिनापासून गेजपर्यंतची नळी बोटाने चाचपत नेली. एका क्लिपेची धार बोटाला लागली. तिच्या पुढेच, बॅटरीच्या मागे, नळीला मऊ कापडी पट्टी गुंडाळलेली होती. पट्टीचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं, नखाने पटकन धरता यावं असं. गॅरेजात कोणी कधी टेपचं टोक दुमडत नाही. तेवढी सवड असलेला माणूस गॅरेजात टिकत नाही.

पट्टीखाली नळी रेशमी दोऱ्याने आवळलेली होती. दोऱ्याचे तीन वेढे, दोन्ही टोकं सारख्या लांबीची कापलेली. आवळल्याच्या पुढे, गेजच्या बाजूला, सुईने पाडलेलं भोक.

"भाचा?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"तक्रार घेऊन गाडी पहिल्यांदा आली तेव्हा भाच्याने ती पाहिलेलीही नव्हती. दोष घरून आलाय."

मास्तरांनी नळी तशीच ठेवली. गाडी घेऊनच दोघे सरांच्या घरी गेले.

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एका मापनावर कधी विश्वास ठेवू नये, असं त्यांनी तीस वर्षं वर्गाला सांगितलं होतं. त्यांच्या पत्नी, बाई, ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेल्या नर्स. बैठकीच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. एकीवर पोराचं जॅकेट घातलेलं होतं, तिच्यावर कोणी बसलं नाही.

"सर, गाडीचं बॉनेट तुम्ही कधी उघडलंत?"

"मला त्याचा खटका कुठे असतो तेही माहीत नाही."

"गाडी घरी होती तेव्हा कुठे न्यायचात?"

"दर रविवारी, तो गेला त्याच रस्त्यावर, चढाला. काटा त्याच्या उजव्या ठिपक्याला टेकला की मागे वळायचो. तेवढ्यासाठीच जायचो."

"गेज बसवलं तेव्हा त्याच्याबरोबर कोण होतं?"

"ही होती. टॉर्च धरून."

बाईंचं लक्ष मास्तरांच्या बोटाकडे गेलं होतं. "रक्त येतंय अजून," त्या म्हणाल्या आणि आतून डबा घेऊन आल्या. जखम पुसली, कापसाची घडी ठेवली, वर पट्टी गुंडाळली. शेवटी पट्टीचं टोक आत दुमडून अंगठ्याने दाबलं.

मास्तर त्या टोकाकडे बघत राहिले. मिस्त्रींनीही बघितलं.

"मास्तर, उठ. जाऊ या," मिस्त्री म्हणाले. "नळी जुनी झाली होती असं लिही. मी तपासली नाही, असंही लिही. खोटं काहीच नाही त्यात."

"मग शनिवारी तू घरी."

"शनिवारी काय आहे?" बाईंनी विचारलं.

सरांनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं.

"दोन टर्बो बदलूनही काटा हलला नाही म्हणून मिस्त्रींना काढतायत," मास्तर म्हणाले. एरवी ते गुन्हेगाराला बोलतं करायला घाई करत नसत. आज त्यांना ते लवकर संपवायचं होतं. "बाई, बंद गाडीत काटा शून्यावर आहे, म्हणून गेज बरोबर. दोन्ही बाजूंना काटा कमी पडतो, म्हणून टर्बो बरोबर. उरली नळी. ती आवळली की हवा चिमूटभर येते, आणि पुढे भोक असलं की त्यातलीही निम्मी निघून जाते. एकट्या भोकाने काही बिघडत नाही, एकट्या आवळण्यानेही नाही. दोन्ही लागतात. सलाइन किती थेंबांनी सोडायचं हे ठरवणाऱ्या हाताला ते कळतं. आणि नळी कुठून जाते हे टॉर्च धरणाऱ्याला."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"गाडी विकू म्हटलं तर यांना ते सहन होणार नव्हतं," त्या म्हणाल्या. "मलाही नाही. घरात ठेवली की हे त्याच रस्त्यावर नेणार. म्हटलं, बिघडलेली राहू दे. मिस्त्रींकडे राहू दे. त्याला तिथे आवडायचं."

"मला विचारायचंत," सर म्हणाले.

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ठिपक्यापर्यंतच जातो."

मग त्यांनी मास्तरांच्या हातातला पाहणीचा कागद घेतला. ड्यूटी संपताना लिहीत तशा उभ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं की नळीला दोरा मी बांधला, भोक मी पाडलं, मिस्त्रींचा दोष नाही. तारीख, वेळ, सही. पेन बंद करता करता त्या थांबल्या.

"मी दोरा बांधल्यावर, गाडी गॅरेजात देण्याआधी तीन रविवार गेले," त्या सरांना म्हणाल्या. "काटा तर टेकतच नव्हता. मग वळायचात कधी?"

"टेकेल म्हणून पॅडल दाबत राहायचो," सर म्हणाले.

"किती?"

"रस्ता संपेपर्यंत."

बाई खाली बसल्या. जॅकेट असलेल्या खुर्चीवर बसल्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कोणी सांगितलंही नाही.

मिस्त्रींनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. येताना गाडीतून आलेले दोघे परत पायी निघाले. कागद मास्तरांच्या खिशात होता. मालक तो वाचेल, दिलगिरी व्यक्त करेल आणि भाच्यासाठी दुसरं टेबल मागवेल, एवढं त्यांना दिसत होतं.

कोपऱ्यावर मिस्त्री अचानक फुटपाथच्या कडेला बसले.

"पोराने नळी बसवली ना, तेव्हा मला दाखवायला आणली होती गाडी," ते म्हणाले. "मी सगळी बघितली. एक वळण चुकलं नव्हतं. एक क्लिप सैल नव्हती."

"मग?"

"मी एवढंच म्हटलं, ठीक आहे. हात धू आणि झाडून घे."

ते दोन्ही गुडघ्यांत तोंड खुपसून रडायला लागले. मास्तर त्यांच्याशेजारी बसले.