माया जरा जास्तच ठेवा

माणूस पुस्तक परत कसं करतो त्यावरून मी त्याचा हिशेब मांडते. काउंटरवर आपटणारा घरी कुणाला तरी घाबरून असतो. पानांत बसचं तिकीट विसरणारा वाढदिवसही विसरतो. पण त्या दुपारी एकानं आपल्या आईनं वाचायला नेलेली कादंबरी दोन्ही हातांनी, झोपलेलं बाळ सोपवावं तशी पुढे केली... आणि त्याला कुठल्या रकान्यात घालावं तेच मला कळेना.

कादंबरीची पाठ फाटलेली होती हे मला ठाऊक होतं. आता ती शिवलेली होती. पक्का दोरा, एकसारखे टाके.

"पुस्तकाला टाके कुणी घातले?"

"मीच. शिंपी आहे. पानं सुटून आईच्या उशीवर पडायला लागली, बघवेना."

वाचकांनी परस्पर दुरुस्ती करायची नसते, असं मी नियमावर बोट ठेवून सांगितलं.

"मग उसवून देऊ?"

इतक्या गंभीरपणे विचारलं की हसू लपवायला मला चष्मा पुसावा लागला.

त्याच सुमाराला नगरपालिकेनं 'शिकत राहा' नावाचं धोरण काढलं होतं. शाळा सुटून जमाना झालेल्यांनाही शिकता यावं, म्हणून वाचनालयांनी पुस्तकांसोबत माणसंही द्यायची. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला अर्धा तास शिकवायचं. धोरण झकास होतं, फक्त माणसं नव्हती. आमच्या ग्रंथपाल, म्हणजे मोठ्या बाई, कपाळाला हात लावून बसायच्या. यादीत एकटे निवृत्त पोस्टमास्तर, आणि ते बुद्धिबळ शिकवता शिकवता डुलक्या घेत. मी शिंप्याला म्हटलं, टाक्यांचा गुन्हा माफ, पण दर शनिवारी दुपारी इथे यायचं. त्यानं विचारलं, मला कुठल्या कपाटात ठेवणार?

"संदर्भ विभागात. तिथलं बाहेर नेता येत नाही."

शनिवार फुलू लागले. खिडकीजवळच्या टेबलापाशी बटण लावायला शिकणारे विधुर, मुलीचा फ्रॉक लांब करायला आलेला बसचालक, पडदे घेऊन आलेल्या जावाजावा. पोस्टमास्तरही बुद्धिबळ गुंडाळून सुईत दोरा ओवायला बसले आणि चक्क जागे राहिले. मागणी एवढी वाढली की मोठ्या बाईंनी फर्मान काढलं: कर्मचाऱ्यांनी माणूस घ्यायचा नाही, लोकांनाच पुरत नाही. झालं! सगळ्या गावाला तो मी द्यायचा आणि स्वतः शिक्के मारत बसायचं. वाढणारीनंच उपाशी राहायचं, तसं. कात्रीची करकर तेवढी माझ्यापर्यंत पोचायची... आणि मी ती कान देऊन ऐकायची.

निघताना तो काउंटरशी रेंगाळायचा. एकदा म्हणाला, तुमचा डावा खांदा किंचित खाली आहे.

"टेप न लावता कळतं?"

"नजर सारखी तिथंच गेली की कळतं."

मग एक नर्स येऊ लागली. रात्रपाळी संपवून, झोप सोडून यायची. देखणी होती, खरं ते मांडायला हवं. एका शनिवारी मी मागच्या रांगेत पुस्तकं लावत होते, आणि कपाटापलीकडून त्याचा आवाज आला –

"माया कमी पडतेय. जरा जास्तच माया ठेवा."

आपला हात आखडताच आहे, असं काहीसं ती म्हणाली.

"सवय होईल. माया आत असते, बाहेरून दिसत नाही. पण पुढे सगळं तिच्यावरच निभतं."

पाककृतींची पुस्तकं मी कायद्याच्या कपाटात लावली, हे मला सोमवारी कळलं.

पुढच्या शनिवारी तो रेंगाळला तेव्हा मी मान वर केली नाही. काही चुकलं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तुमची माया वाटून झाली असेल तर निघा. टेबल पुसायचंय."

तो बघतच राहिला. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत उजाडलं. त्यानं आपल्या बाहीची शिवण उलटी करून माझ्यासमोर धरली. शिवणीच्या आत कापडाची जादा पट्टी होती.

"ही माया. कपडा पुढे वाढवायचा असेल तर आधीच सोडून ठेवतात."

आमच्याकडे कपडे तयार यायचे आणि माया आई करायची. मला हा अर्थ कुठून कळणार? मी कानापर्यंत लाल झाले. तो हसला, मीही हसले... आणि त्या हसण्यातच त्यानं सांगितलं की येता शनिवार शेवटचा. थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय, दूरच्या गावी त्याचं दुकान सांभाळायचंय, आईलाही नेतोय. परत कधी? भाऊ उठेल तेव्हा.

आठवडाभर मी शिक्के उलटे मारले.

शेवटच्या शनिवारी तो आपल्या टेबलाकडे गेलाच नाही. रांगेत उभा राहिला. माझ्यापुढे आला तेव्हा म्हणाला, माणूस हवाय.

"कोणता?"

"काउंटरवरचा."

"कर्मचाऱ्यांनी माणूस घ्यायचा नाही," माझा आवाज मलाच परका वाटला.

"घेणारा मी आहे. तुम्ही नुसतं जायचं."

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. प्रत्येकाला काहीतरी येतं असं धोरणात लिहिलंय खरं, पण हिला काय येतं, त्यांनी विचारलं. पत्र लिहायला, तो म्हणाला. सुईखेरीज माझ्या हाताला काही बोलता येत नाही. बाईंनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं, माझ्या हातातला शिक्का काढून घेतला आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

खिडकीजवळच्या टेबलावर अजून दोऱ्याचे तुकडे पडले होते. त्यानं कानामागची पेन्सिल काढली. मी म्हटलं, आधी मायना. तो नात्यावर ठरतो. नातं काय?

"तेच शिकायला आलोय."

मी तुकडे गोळा करत राहिले.

"'प्रिय' चालेल तिला?" त्यानं विचारलं.

"...चालेल."

त्यानं लिहिलं. एकेक अक्षर टाका घातल्यासारखं. मधला मजकूर तिकडे गेल्यावर लिहीन म्हणाला, रोज थोडा थोडा. आज फक्त शेवट सांगा.

"शेवटी 'आपला' लिहितात ना?"

"लिहितात. सगळेच लिहितात."

"गिऱ्हाइकांनाही मी 'आपला'च लिहितो," तो म्हणाला, आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबला.

काउंटरवर बाईंचा शिक्का पडत होता. उद्या सकाळी त्याची गाडी होती.

"मग 'तुझा' लिही."

'लिहा' म्हणायचं होतं. तोंडून गेलं ते गेलं. त्यानं मान वर केली... आणि या खेपेला नजर खांद्यावर गेली नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला, "नीट ऐकू आलं नाही."

अगदी स्वच्छ ऐकू गेलं होतं. मी पुन्हा सांगितलं.