रिकामी रापण आणि काचेच्या तळाची होडी

"आधी धबधबा!"

"आधी किल्ला!"

"आधी नाश्ता!"

तिसरा आवाज टायरेलचा. वय दहा, पोट विशीतलं. पहिले दोन्ही आवाज त्याच्या बहिणीचे. जोसेलिन बारा वर्षांची होती आणि स्वतःशीच भांडत होती. टोबॅगोत फक्त चार दिवस! शनिवारी त्रिनिदादची बोट, घर, शाळेचे नवे बूट. म्हणून तिने वहीत यादी केली होती.

मंगळवार : धबधबा.
बुधवार : किल्ला, तोफा.
गुरुवार : काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ.
शुक्रवार : उरलेलं सगळं!!

"उरलेलं सगळं म्हणजे काय गं?" त्यांच्या मावशीने, टँटी अर्माने, नारळाचा पाव कापत विचारलं.

"मला अजून माहीत नाही, टँटी. म्हणून तर घाई आहे!"

तेवढ्यात खालून शंख वाजला. भोंsss!

टँटीने सुरी टाकली, चुलीवरचं भांडं उतरवलं आणि ती चक्क पळत सुटली. शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून पळाला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही पळालं!

"आग लागली?" टायरेल ओरडला.

"रापण!" फाटकातून त्यांची नात्यातली बहीण ऑनेका म्हणाली. ती तेरा वर्षांची, याच कोक्रिको खाडीत वाढलेली. "चला, दोर धरा! ज्याचा हात दोराला, त्याला माशाचा वाटा. मग तो पाहुणा असो की पोलीस."

मंगळवार : धबधबा (खोडलं)

पाहिलं ते असं. खाडीत अर्धचंद्रासारखं पसरलेलं जाळं, म्हणजेच रापण. वाळूवर दोन दोर, प्रत्येकाला वीस-पंचवीस माणसं. मधोमध अंकल लड्रिक, टँटीचे थोरले भाऊ आणि ऑनेकाचे आजोबा, गळ्यात शंख अडकवून.

"ओढा! झोपलात काय? माझी आजी याहून जोरात ओढायची, आणि ती वारलीय!"

ओढता ओढता मध्येच दोर जड झाला. हलेचना. मग एकदम सैल! सगळे धपाधप मागे पडले, आणि न्हावी टायरेलवर.

जाळं किनाऱ्याला आलं. आत एक खेकडा, एक चप्पल.

कुणी हसलं नाही.

"तीन आठवडे असंच चाललंय," ऑनेका हळूच म्हणाली. "डोंगरावरून मासा दिसतो, जाळ्यात मिळत नाही. आजोबा म्हणतात, शार्क जाळं फाडतोय. शुक्रवारी शेवटची रापण. रिकामी आली तर जाळं हॉटेलवाल्याला देऊन टाकणार. त्याला ते भिंतीवर टांगायचंय."

"भिंतीवर? पण मग इतकी माणसं... सकाळी काय करणार?"

ऑनेका वाळूत पायाने खड्डा करत राहिली.

अंकलनी शंख काढून ठेवला. जोसेलिनने तो उचलून फुंकला.

फुर्र्र.

"शेळीला पडसं झालंय का?" अंकल म्हणाले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

बुधवार : किल्ला, तोफा (खोडलं)

"शार्क नाही!" जोसेलिन पहाटेपासून येरझाऱ्या घालत होती. "शार्क रोज एकाच जागी चावतो का? मी काल भोक पाहिलंय. खालच्या काठाला. आणि कडेला हे!"

तिच्या नखावर लाल रंगाचा पोपडा होता.

"शार्कने नेलपॉलिश लावलंय," टायरेल म्हणाला.

"गप्प! पाण्यात कुणी पाहिलं नाही का?"

"नेस्टर पाहायचा. जाळ्यामागे बुडी मारून," ऑनेका म्हणाली. "तो मे महिन्यात नोकरीला शहरात गेला. तेव्हापासून कुणीच नाही. आणि आजोबा आम्हाला जाळ्याजवळ पोहू देत नाहीत."

"मग जमिनीवरून पाहू!"

शंख वाजला. आज तिघांनी दोर धरला नाही. "शहरातली नाजूक मंडळी!" कुणीतरी टोमणा मारला. जोसेलिनने तो गिळला. ती खाडीच्या डाव्या टोकाला नीरफणसाच्या झाडाखाली उभी राहिली, ऑनेका उजवीकडे चर्चच्या पायरीवर. जाळ्याची तरंगती बुचं हळूहळू जवळ येत होती. आणि...

एक बूच गडप!

"कुठे?" टायरेल मधून पळत ओरडला.

"नीरफणस आणि पेलिकनचा खडक, सरळ रेषेत!" जोसेलिन.

"चर्चचा कळस आणि डोंगराचं टोक!" ऑनेका.

दोन रेषा. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली काहीतरी आहे. कोळी अशाच खुणा जुळवतात. मोठ्यांना हे माहीत होतं. पण मोठे दोर ओढत होते, आणि त्यांचे डोळे दोरावर होते!

पुन्हा रिकामं जाळं. पुन्हा लाल पोपडा.

"लाल..." ऑनेका थबकली. "होडीवाल्या मिस्टर कार्लाइलच्या अंगणात लाल रंगाची दोन जुनी इंजिनं होती. एक बुडवून त्याला आता ते होडी बांधतात, खाडीच्या बाहेर."

"आणि दुसरं?"

बूच गडप झालं होतं, तिकडे तिघांनी एकदमच पाहिलं.

गुरुवार : काचेच्या तळाची होडी (खोडलेलं नाही!)

मिस्टर कार्लाइल म्हणजे पांढरी टोपी, पांढरे दात आणि 'मिस एलोईज' ही होडी.

"आम्ही विचारलं तर ते नाही म्हणतील," ऑनेका कुजबुजली.

"विचारायचं नाहीच," जोसेलिन म्हणाली. "टायरेल, जा."

टायरेल सहा पर्यटकांच्या मधोमध जाऊन जोसेलिनला मोठ्याने म्हणाला, "अगं, यात बसू नकोस! यांच्या काचेतून फक्त शेवाळ दिसतं म्हणे!"

"कोण म्हणतं?" कार्लाइल कडाडले.

"सगळं गाव म्हणतं!"

"बसा! तिघंही बसा! फुकट! बघा माझी काच!"

काच खरंच लख्ख होती. निळे मासे, मेंदूसारखं प्रवाळ. पण जोसेलिनचं काचेकडे लक्षच नव्हतं. ती मान वळवून किनारा पाहत होती. नीरफणस, खडक... अजून थोडं... कळस सरकतोय, सरकतोय...

"थांबा! इथे काहीतरी मोठं आहे!"

होडी थांबली. सगळे काचेवर वाकले. आणि खाली, स्वच्छ पाण्यात, एक लाल इंजिन. त्याला जाळ्याच्या चिंध्या, तुटका दोर, आणि पोटावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : मिस एलोईज.

"अरे वा," एक पर्यटक बाई म्हणाल्या, "या होडीचंच नाव!"

कार्लाइलनी टोपी काढली. "चोरी होऊ नये म्हणून लिहिलं होतं," ते पुटपुटले. "आधी होडी यालाच बांधायचो. गेल्या महिन्याच्या उधाणात हे इथवर ओढलं गेलं आणि दोर तुटला. म्हटलं, काढू नंतर."

"रापणीच्या जागेत?" ऑनेका ताडकन उठली. "इथे कुणी नांगरसुद्धा टाकत नाही! जाळ्याचा तळ यावर चढतो, फाटतो, आणि मासे खालून निघून जातात. आजोबा उद्या जाळं देऊन टाकताहेत!"

कार्लाइलनी होडीचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

"मी सांगतो त्यांना," ते म्हणाले. "तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

शुक्रवार : उरलेलं सगळं!!

कार्लाइलनी स्वतः बुडी मारून इंजिनाला दोर बांधला. सगळ्या गावाने ते ओढून काढलं. अंकल लड्रिक त्यांना जे बोलले ते टँटीने मुलांना ऐकू दिलं नाही. तिने दोघांचे कान झाकले. ऑनेकाने मात्र सगळं ऐकलं आणि खूश झाली.

लोक घरी परतल्यावर डोंगरावरून आरोळी आली. "मासाsss! मासा आलाय!"

अंकलनी शंख उचलला. तोंडापर्यंत नेला. थांबले.

"पंचावन्न वर्षं मी या पाण्याकडे पाहतोय," ते म्हणाले. "आणि पाहिलं कुणी? चार दिवसांच्या पाहुण्यांनी आणि माझ्या नातीने. ये गं, शेळी. आज तू बोलाव."

"पण अंकल, मला येत नाही!"

"फुंक."

जोसेलिनने छाती भरून घेतली. गाल फुगवले.

फुर्र्र.

टायरेल खिदळला. जोसेलिनचे कान तापले. पण वर दार आपटलं. मग दुसरं. न्हावी वस्तरा घेऊनच पळत आला, टँटी पिठाच्या हातांनी आली, पाव विकणारी आली, आणि सगळ्यांच्या पुढे, टोपी न घालता, मिस्टर कार्लाइल.

"काय बघताय?" ऑनेका ओरडली. "दोर धरा!"

जोसेलिनने वही वाळूत टाकली आणि दोर धरला. दोर जड होता. जडच राहिला, आणि तरी हळूहळू किनाऱ्याकडे येत राहिला.