उजव्या पायातला नऊ नंबर

घळीच्या तोंडाशी, ओढ्यात उभं राहून ताईने धाकट्या बहिणीला ओळख करून दिली, "हे आपले गुरांचे डॉक्टर." कितीतरी महिने बुटांच्या दुकानात, काउंटरमागे, धाकटी याच्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती. आणि हा भेटला कुठे, तर सुट्टीच्या दिवशी, घोटाभर पाण्यात!

"आपण भेटलोय बहुतेक," तो म्हणाला.

"बूट नेले होतेत तुम्ही. तपकिरी, नाडीचे." म्हटलं आणि तिने जीभ चावली. इतकं नेमकं आठवायची काय गरज होती?

ताईने तेवढ्यात सांगूनही टाकलं... डॉक्टरांची बदली झाली आहे, परवा निघणार, खूप लांब. म्हणजे भेट झाली ती निरोपासकटच. तिला एकदम रडूच आलं, ते तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारून निभावून नेलं.

घळ सोपी होती, लहान पोरंही पार करतील अशी. दोन्हीकडे ओले कातळ, वर आभाळाची पट्टी. तरी ती मागे रेंगाळत राहिली, आणि तोही. पुढे चालणाऱ्या त्याच्या पायांकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण धंद्याची खोड जात नाही. प्रत्येक पावलाला त्याची उजवी टाच बुटातून निसटत होती.

पुढे डोह लागला. पाणी मांडीपर्यंत. त्याने बूट काढून तिच्या हातात दिले आणि काठीने तळ चाचपू लागला. तिने बूट उलटे केले. डावा आठ. उजवा नऊ.

"हा नऊ नंबर आहे," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुमच्या दुकानाची पायरी उतरलो तेव्हापासून."

"मग बदलून का नाही घेतलात?"

तो पाण्यातच थांबला. "बदलला असता, तर विषय मिटला असता. मग पुन्हा यायला कारण काय राहिलं असतं?"

"पण आलाच नाहीत..."

"आलो की. कितीदा तरी, दारापर्यंत. काचेतून तुम्ही दिसायचात आणि — परत फिरायचो. मारक्या बैलाला वेसण घालतो मी, पण ते दार काही ढकलवेना."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले. या दोघांसारखे शहाणे शोधून सापडायचे नाहीत.

"ती उरलेली विजोड जोडी अजून वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली. "डावा नऊ, उजवा आठ. मालक रोज म्हणतात, टाकून दे. मी म्हणते, राहू द्या, गिऱ्हाईक येणार आहे."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं?"

"त्याच संध्याकाळी कळलं. बूट भरताना नजर खोक्यावर होती कुठे माझी? चूक व्हायचीच."

पुढून ताईची हाक आली, "अरे, तुम्ही दोघं बुडालात की काय?"

त्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला. डोह ओलांडून झाला तरी सोडला नाही.

"उद्या द्याल बदलून?" त्याने विचारलं. "निघायच्या आधी?"

द्यावा, असं तिला फार वाटलं. उद्याचा एक दिवस तरी तो समोर बसला असता, तिने त्याच्या पायात बूट चढवला असता. पण मग परवा तो नीट बसणाऱ्या बुटांनिशी निघून गेला असता.

"नाही," ती म्हणाली. "पहिली रजा मिळाली की ये. मग देईन."

"आणि तोवर? टाच निसटते ना..."

त्याचा उजवा बूट तिने छातीशी धरला होता. तो तिने त्याच्यासमोर ठेवला.

"तोवर या पायात दोन मोजे घाल."