उंच पायांच्या खाटा

पोरी, तू इथे नवीन राहायला आलीस, आणि खोली लहान म्हणून अख्ख्या भिंतीला आरसा लावणार म्हणतेस, म्हणून सांगते. नाहीतर मी हे तोंडाबाहेर काढत नाही. बस अशी पॅसेजमध्ये. दिवा जरा जवळ घे. आणि मधे बोलू नकोस, आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

चष्म्याची काडी निखळली होती. ती बसवून घ्यायला एके दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेले. तिथे गर्दी, त्यात त्याचा बारीक स्क्रू हरवलेला. तासाभराने परत आले तर धाकटी दाराबाहेर स्टुलावर बसलेली, मांडीवर पांघरूण घट्ट धरून, आणि आमच्या खोलीतून करवतीचा आवाज.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. सोळाव्या वर्षी या घरात आली. तिच्या वेणीचा गुंता मी सोडवलाय, तिचा ताप मी काढलाय. दोघींचे नवरे गेले, तिला मूलबाळ नाही. मग माझ्या मुलाने आम्हा दोघींना मागच्या खोलीत टाकलं. दोन खाटा, आणि मधे अंग चोरून जायची वाट. पुढची मोठी खोली होती की! पण ती पाहुण्यांची. वर्षातून आठ दिवस उघडायची, बाकी दिवस कुलूप. धाकटीने जन्मात काही मागितलं नाही. एकदाच म्हणाली, "अक्का, जरा पाय पसरायला जागा मिळाली असती तर..."

मी ते मुलाच्या कानावर घातलं. त्याने काय केलं? सजावटवाला आणला.

"आई, खोली दुप्पट मोठी दिसेल बघ!"

"दिसेल?"

"अगं, आत आल्यावर एकदम मोकळं मोकळं वाटेल."

"मी वाटण्यावर पाय पसरू का रे?"

सजावटवाला म्हणजे कानावर पेन्सिल आणि जिभेवर साखर. भिंती पांढऱ्याफेक केल्या. कपाट बाहेर. पडदा छतापासून खाली सोडला. खाटांसमोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशाने मढवली. आणि दोन्ही खाटांचे पाय कापले. हो, कापले! खाट बुटकी असली की छत उंच वाटतं म्हणे.

"डोळ्यांना फसवायचं असतं, आजी."

"डोळ्यांना फसव. तिच्या गुडघ्यांना कसं फसवशील?"

तो हसला. मुलगा हसला. सूनबाईंनी फोटो काढून माहेरी पाठवले.

त्या दिवसापासून धाकटीला खाटेवरून उठता येईना. आधी बिचारी पाय खाली सोडायची, टेकायची आणि उभी राहायची. आता आधी रांगायचं, मग मी ओढायचं. दोघींची मिळून दीडशे वर्षं, कोण कुणाला ओढणार? एका पहाटे तिला वेळेवर उठवता आलं नाही. अंथरूण भिजलं. भिंतीकडे तोंड करून रडली ती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलाला सांगितलं तर म्हणतो, "होईल सवय."

चौथ्या दिवशीची दुपार. घरात आम्ही दोघीच, दोघी आडव्या. रंगाचा वास अजून डोक्यात जात होता. त्याच्या खालून दुसराच वास यायला लागला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेसारखा. मला खोकला आला. मी खोकले... आणि माझा खोकला परत आला. जरा थांबून, लांबून आल्यासारखा. रिकाम्या सभागृहात येतो ना, तसा. आमच्या त्या काडेपेटीत!

"अक्का..." धाकटी कुजबुजली. "समोर बघ. खाटांचे पाय..."

मी चष्मा लावला. आरशात तीच पांढरी भिंत, तोच पडदा, तीच खिडकी. पण खाटा उंच होत्या. कापायच्या आधी होत्या तशा, चारी पायांवर. आणि रिकाम्या. आम्ही दोघी इकडे पडलेल्या, तिकडे कुणीच नाही. चादरी ताठ, एक सुरकुती नाही.

"तिथून मला उठता येईल, अक्का."

"डोळे मीट. गप पड."

"केवढी जागा आहे गं तिकडे..."

संध्याकाळी मुलाला आरशासमोर उभं केलं. त्याला त्यात तोच दिसला. स्वतःशिवाय त्याला आयुष्यात दुसरं काय दिसलंय? "आई, मोतीबिंदू तपासून घेऊ." मी म्हटलं, आधी खाटांचे पाय जोडून दे. तर म्हणे, "पाहुणे येऊन गेले की बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम दारातच बसले. चौकटीला पाठ, उंबऱ्यावर पाय. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. धाकटीच्या पोलक्याचं हुक शिवायला घेतलं. सुईत दोरा ओवायला मान खाली घातली, तेवढीच काय ती. आणि आवाज आला. पायांचे दोन तळवे जमिनीवर टेकल्याचा. कण्हणं नाही, कुंथणं नाही. उंच खाटेवरून माणूस सहज उतरतं, तसा.

वर बघितलं. धाकटीची खाट रिकामी. हात लावला तर पांघरूण अजून कोमट.

आरशात तिच्या खाटेची चादर चुरगळलेली होती...

मग सगळं घर पालथं घातलं. पोलीस आले. "म्हातारी नजर चुकवून बाहेर गेली असेल." मी म्हटलं, जिला खाटेवरून उठता येत नव्हतं, ती माझ्या डोक्यावरून उडी मारून गेली काय? कुणी लिहून घेतलं नाही.

त्या दिवशी मी हातोडी उचलली. आरशापुढे उभी राहिले, हात वर केला. आणि तसाच राहिला. फुटला, आणि ती आतच राहिली तर?

आता मुलगा रोज दारात येऊन उभा राहतो. आत पाऊल टाकत नाही. "आई, ऐक माझं. पुढची मोठी खोली घे."

"आता? ती मागत होती तेव्हा किल्ली कुठे होती रे तुझी?"

खाली मान घालून जातो. जाऊ दे. मी हलणार नाही. कधीतरी ती परत आली, तर तिला हात द्यायला इकडे कोण?

पण पोरी, काल सकाळी खोलीचं दार माझ्या खाटेला अडलं. खाट हलवलेली नाही, आणि आजवर ते कधी अडलं नव्हतं. मी सजावटवाल्याला बोलावून घेतलं. त्याने टेप लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. आरशापासून दारापर्यंत खोली वीतभर कमी भरली.

आज दार अर्धंच उघडलं.